फिरत्या घराचा रात्रीचा मुक्काम : खान्देशात गाडी कशी सांभाळावी

आमच्या गाडीत चोरी झाली तेव्हा काच फुटली नव्हती की कुलूप तुटलं नव्हतं. एप्रिल महिना, धुळ्याच्या अलीकडचा एक ढाबा, रात्रीचे अकरा वाजले तरी पत्रा तापलेलाच. आईने उशाजवळची खिडकी चार बोटं सरकवली आणि हातातली पिशवी खिडकीशेजारच्या खुंटीला अडकवली. पहाटे खुंटी रिकामी. कुणीतरी तार वाकवून बांधलेली काठी आत घातली आणि पिशवी अलगद ओढून नेली. आत होतं काय, तर वाचायचा चष्मा, बीपीच्या गोळ्या आणि साडेतीनशे रुपये. पण ती काठी आईच्या तोंडावरून गेली असणार, हे आठवलं की आजही झोप उडते.

गाडीला तेव्हा सेंट्रल लॉक होतं, सायरन होता, समोर कॅमेराही होता. तो सगळा खर्च दार फोडणाऱ्यासाठी केलेला. खिडकीतून हात घालणाऱ्याचा विचारच केला नव्हता, आणि खान्देशच्या उन्हाळ्यात खिडकी बंद ठेवून झोपायचं म्हणजे भट्टीत झोपायचं. म्हणून इथे कुलपांबद्दल थोडं उशिरा बोलतो. आधी जागा, मग माणसं, मग हवा.

आमची गाडी म्हणजे ट्रॅव्हलर मिनीबसच्या आत सुताराकडून करून घेतलेले दोन पलंग, ओटा आणि एक कपाट. तुमची तयार मोटरहोम असेल किंवा मागे जोडायची कॅराव्हॅन असेल, तरी पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल.

जागा उजेडातच ठरवा

दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचायचं, हा नियम मी आता मोडत नाही. अंधारात सगळे ढाबे सारखेच दिसतात. उजेडात मात्र मागची पडकी भिंत, शेतात उतरणारी पायवाट, दारूच्या बाटल्यांचा ढीग, बंद पडलेला दिवा हे सगळं दिसतं. धुळ्याला मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरतहून जळगावमार्गे नागपूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ एकमेकांना छेदतात. त्यामुळे या पट्ट्यात रात्रभर ट्रकची वर्दळ असते आणि थांबायला जागा भरपूर मिळतात. अडचण निवडीची आहे.

माझी पहिली पसंती मोठ्या पेट्रोल पंपाला. तिथे रात्रपाळीची माणसं असतात, उजेड असतो, कॅमेरे असतात. डिझेल तिथेच भरायचं आणि मग मॅनेजरला विचारायचं. न विचारता कोपऱ्यात गाडी लावली की कुणाचंच तुमच्याकडे लक्ष राहत नाही. विचारलं की निदान एक माणूस तुम्हाला ओळखतो. दुसरी पसंती देवस्थानाच्या आवाराला. मुक्ताईनगर, पद्मालय, प्रकाशा अशा ठिकाणी भाविकांच्या गाड्या येत-जात असतात. मात्र यात्रेच्या दिवसांत हा हिशेब उलटतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो, तेव्हा गर्दीत कोण कुणाचं हे कळायची सोय नसते. गाडी यात्रेपासून लांब, कुणाच्या तरी अंगणात लावलेली बरी.

ढाब्याची परीक्षा ट्रकवाल्यांवरून करा. ट्रक उभे असतील, ड्रायव्हर बाजेवर निवांत पसरले असतील तर थांबायला हरकत नाही. पण क्लीनर डिझेलच्या टाकीशेजारी अंथरूण टाकून झोपला असेल, तर त्यातून काय समजायचं ते समजा आणि पुढे चला. शेवभाजी खाऊन निघालात तरी ढाबेवाल्याला राग येत नाही.

धरणाचा काठ, घाटातलं वळण, सातपुड्याच्या पायथ्याची मोकळी जागा, फोटोला सुंदर आणि मुक्कामाला वाईट. तोरणमाळला जायचंच असेल तर वर वस्तीजवळ थांबा, घाटात नको. पाटणादेवीचा परिसर गौताळा अभयारण्यात येतो. तिथे आपल्या मनाने रात्र काढता येत नाही, वनखात्याची परवानगी लागते.

जागा मिळाली की गाडी कशी उभी करायची? तोंड रस्त्याकडे, म्हणजे रिव्हर्स न घेता निघता येईल असं. मागचं दार भिंतीला वीतभर अंतरावर, म्हणजे ते उघडणारच नाही. सरकतं दार उजेडाकडे आणि माणसांकडे. दार अंधाराकडे आणि कोरी बाजू उजेडाकडे अशी गाडी लावलेली मी अनेकदा बघितली आहे, कारण बसायला आडोसा बरा वाटतो. चोरालाही आडोसाच हवा असतो.

गावाला कळू द्या

गावाजवळ थांबत असाल तर सरपंच किंवा पोलीस पाटलाला भेटून या. पोलीस पाटील हे नुसतं मानाचं पद नाही. गावात कोण आलं-गेलं याची खबर पोलिसांना देणं हे त्याचं कामच आहे. नाव, गाडीचा नंबर, कुठून आलो, सकाळी किती वाजता निघणार, एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. अहिराणीत एक वाक्य जरी जमलं, 'भाऊ, आठे रातले गाडी उभी करू का?', तरी काम निम्मं होतं. बरेचदा पुढचा प्रश्न जेवणाचा असतो. हिवाळ्यात गेलात आणि भरताची वांगी भाजणं चालू असेल तर नाही म्हणू नका.

हे सांगणं फक्त चोरापासून वाचण्यासाठी नाही. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना जमावाने मारून टाकलं. मोबाइलवरून पसरलेल्या अफवा त्यामागे होत्या. पडदे लावलेली अनोळखी गाडी अंधारात शाळेमागे उभी दिसली तर गावालाही भीती वाटते. आपण चोराला भितो तसंच गाव आपल्याला भिऊ शकतं. म्हणून दिवसाउजेडी तोंड दाखवायचं, मुलाबाळांसह खाली उतरायचं, बोलायचं.

हवा हवी, पण हात आत येऊ नये

आता मूळ दुखण्याकडे. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत चढतो. उन्हाळ्यात लोक गच्चीवर झोपतात आणि खाली घर फुटतं, हे खान्देशात कुणालाच नवं नाही. गाडीत तर गच्चीही नाही. त्यामुळे खिडकी बंद ठेवा हा सल्ला देणारा माणूस इथे मुक्कामाला राहिलेला नसतो.

पहिलं काम, गाडी कमी तापेल असं बघा. दुपारी तीननंतर झोपायच्या बाजूवर ऊन येणार नाही अशी उभी करा. संध्याकाळी टपावर दोन बादल्या पाणी मारा, आपण गच्चीवर मारतो तसंच. इथली हवा कोरडी असते, पाणी भराभर उडतं आणि पत्रा लवकर निवतो. टपाला झाकणाचा झरोका आणि त्यात बारा व्होल्टचा पंखा बसवला, तर खालच्या खिडक्या फार उघडाव्याच लागत नाहीत. गाडीवर एकच खर्च करायचा असेल तर मी हाच सांगेन. गरम हवा वर जाते, पंखा ती बाहेर फेकतो आणि खिडकीच्या दोन बोटांच्या फटीतून गार हवा आत येते.

दोन बोटं म्हणजे दोनच बोटं. सरकत्या काचेच्या खाचेत लाकडी दांडा बसवा, काच त्यापुढे सरकणार नाही. जुन्या झाडूचा दांडा चालतो, पीव्हीसी पाइपचा तुकडाही चालतो. मोजून कापायचा, दर खिडकीला एक. बस बॉडीच्या खिडक्यांना येते ती प्लास्टिकची कडी नखानेही निघते, तिच्यावर विसंबू नका. काचेच्या आतून स्टेनलेस स्टीलची जाळी स्क्रूने बसवली तर डासही थांबतात आणि तारेची काठीही. नायलॉनची जाळी ब्लेडने कापली जाते.

लोखंडी गज मात्र विचार करून बसवा. गाडीत गॅसची टाकी असते, वायरिंग असतं. आग लागली तर आतून, किल्ली न शोधता, अंधारात चाचपडत उघडता येईल अशी निदान एक खिडकी आणि एक दार हवंच. आतून कुलूप घालून किल्ली कपाटात ठेवायची सवय घरात एक वेळ खपते, गाडीत नाही.

आणि खिडकीच्या आत काठी पोचेल एवढ्या अंतरात काहीही ठेवायचं नाही. फोन नाही, पॅन्ट नाही, पिशवी नाही. आमच्या गाडीतली ती खुंटी मी उपटून टाकली.

दारं

रात्री रिमोटचं बटण दाबून झोपू नका, प्रत्येक दार हाताने ओढून बघा. रिमोटचा सिग्नल अडवणारी यंत्रं असतात, पण त्याहून जास्त वेळा सरकतं दार नीट बसलेलंच नसतं. राहण्याच्या भागाला आपण भारी कुलूप लावतो आणि पुढची, ड्रायव्हरची केबिन साध्या गाडीसारखीच राहते. तिथून आत शिरणं सगळ्यात सोपं. सामान बांधायचा जाड पट्टा घ्या, पुढच्या दोन्ही दारांच्या आतल्या हँडलमधून ओवा आणि मधे ताणून बकल लावा. बाहेरून लॉक उघडलं तरी दार बोटभरच हलतं, आणि आतून बकल एका झटक्यात सुटतं. खर्च शे-दोनशे रुपयांचा. सरकत्या दाराला जादा कडी-कोयंडा वेल्डरकडून लावून घ्या, पण आतून उघडणारा.

ड्रायव्हरची सीट रात्री रिकामी ठेवा आणि किल्ली कायम एकाच ठिकाणी. मध्यरात्री निघावं लागलं तर सीटवरच्या गाद्या उचलत बसायला वेळ नसतो. किल्ली न फिरवता, नुसत्या बटणावर सुरू होणारी गाडी असेल तर तिची रिमोट-किल्ली सिग्नल अडवणाऱ्या धातूच्या पाकिटात ठेवा.

बाहेरच्या वस्तू

डिझेलच्या टाकीला कुलपाचं झाकण. स्टेपनीला साखळी. टपावरच्या सोलर पॅनलला साध्या पान्याने न फिरणारे नट. बॅटरी आणि गॅसच्या कप्प्याला स्वस्तातलं लॉक असतं आणि एकाची किल्ली दुसऱ्याला चालते, ते बदला. खुर्च्या, शेगडी, मुलांची सायकल झोपण्याआधी आत घ्या.

आवाज आणि उजेड

दाराला लावायचा चुंबकाचा छोटा अलार्म सेलवर चालतो. दोन तुकडे वेगळे झाले की किंचाळतो. प्रत्येक दाराला आणि मोठ्या खिडकीला एकेक लावा. महागड्या सायरनपेक्षा मला हा आवडतो, कारण माणूस आत यायच्या आधी वाजतो. माणूस जवळ आला की पेटणारा दिवा सरकत्या दारावर लावा. कॅमेरा रात्रभर चालू ठेवणार असाल तर तो राहण्याच्या भागातल्या दिव्या-पंख्यांच्या वेगळ्या बॅटरीवर जोडा, इंजिनच्या नको, नाहीतर सकाळी धक्का मारायला ढाब्यावरची पोरं शोधावी लागतील.

गुंगीचा वायू खिडकीतून सोडून सगळ्यांना झोपवलं आणि गाडी लुटली, अशा गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. युरोपातल्या मोटरहोमवाल्यांतही त्या फिरतात. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने मात्र स्पष्ट सांगितलं आहे, की खिडकीतून ईथर किंवा क्लोरोफॉर्म सोडून झोपलेल्या माणसाला त्याच्या नकळत बेशुद्ध करता येत नाही. असा गुंगीचा वायू ओळखणारं म्हणून मिळणारं यंत्र विकत घेऊ नका. तेच पैसे एलपीजी आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणाऱ्या यंत्रावर घाला. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो शोधणारं यंत्र जमिनीलगत बसवायचं. चहा-पेढ्यातून गुंगी मात्र खरी असते. अनोळखी सहप्रवाशाने आग्रहाने दिलेला प्रसाद कपाळाला लावून बाजूला ठेवला तर देव रागावत नाही.

खटपट ऐकू आली तर

बाहेर उतरू नका. लोखंडी टॉमी हातात घेऊन खाली उडी मारणारे शूर लोक मला माहीत आहेत, पण बाहेर किती जण आहेत हे त्यांना माहीत नसतं. हॉर्न दाबून धरा, सगळे दिवे लावा, गाडी सुरू करा आणि उजेडाकडे निघा. मग ११२ ला फोन. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा महामार्ग प्राधिकरणाचा मदत क्रमांकही आहे. कुठे आहात हे सांगता यावं म्हणून झोपण्याआधी जवळच्या किलोमीटरच्या दगडाचा फोटो काढून ठेवा. झोपेतून उठलेल्या माणसाला गावाचं नाव आठवत नाही, आम्हालाही आठवलं नव्हतं.

चोरी होऊनच गेली असेल तर कशालाही हात न लावता फोटो काढा. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ऑनलाइन तक्रारीचीही सोय आहे, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. गाडीच्या विम्यात गाडी येते, आतले कपडे, लॅपटॉप, दागिने सहसा येत नाहीत. मागाहून बसवलेले सोलर, बॅटरी, फ्रिज पॉलिसीत नोंदवलेले असतील तरच भरपाई मागता येते. अख्खी गाडी गेली तर दोन्ही किल्ल्या मागतात, म्हणून दुसरी किल्ली गाडीत ठेवायची नाही, घरी ठेवायची.

आईची पिशवी दुपारी ढाब्यामागच्या केळीच्या बागेत सापडली. चष्मा आणि गोळ्या आत तशाच होत्या.