हंगामातल्या सर्व्हरची मेमरी कशी बेतावी

गुढीपाडव्यापासून हापूसच्या पेट्यांची ऑनलाइन मागणी वाढू लागते आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास रत्नागिरी-देवगडच्या बागायतदारांचे सर्व्हर संध्याकाळच्या वेळी अडखळू लागतात. अशा वेळी रॅम वाढवण्याची घाई होते. परंतु मेमरी कुठे जाते हे पाहिल्याशिवाय घातलेली रॅमही तशीच संपते. पुढील विवेचन लिनक्सवरील सर्व्हरसाठी आहे.

‘फ्री’ या आदेशाने दाखवलेला ‘फ्री’ रकाना लहान दिसला तरी घाबरू नये, कारण लिनक्स मोकळी मेमरी फायलींच्या कॅशसाठी, म्हणजे वाचलेल्या फायली हाताशी ठेवण्यासाठी, वापरते आणि गरज पडताच त्यातली बरीचशी परत देते. पाहायचा तो ‘अव्हेलेबल’ रकाना. त्यानंतर ‘व्हीएमस्टॅट 1’ चालवून ‘एसआय’ (स्वॅपमधून रॅममध्ये) आणि ‘एसओ’ (रॅममधून स्वॅपमध्ये) हे स्वॅपचे, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरील जागेचे, आकडे पाहावेत. पहिली ओळ यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असल्याने ती सोडून द्यावी. पुढच्या ओळींत हे आकडे सतत शून्याच्या वर राहिले, तर मेमरी खरोखरच अपुरी पडते आहे.

मग हिशेब करावा, आणि माझ्या मते निम्मे काम इथेच होते. समजा, यंत्रात 8 जीबी मेमरी आहे, त्यातली 3 जीबी डेटाबेस व प्रणालीला लागते आणि 1 जीबी कॅशसाठी राखली आहे. उरलेल्या 4 जीबीत प्रत्येकी 250 एमबी घेणाऱ्या 16 वर्कर प्रक्रिया (ग्राहकांच्या विनंत्या हाताळणाऱ्या ॲप्लिकेशनच्या प्रती) जेमतेम मावतात, म्हणून 13-14 वर थांबावे. हा 250 चा आकडा वर्कर नुकताच सुरू झाला असताना न मोजता काही तास भर गर्दीत चालल्यावर मोजावा, आणि ‘आरएसएस’ऐवजी (प्रक्रियेने व्यापलेली सगळी रॅम) ‘पीएसएस’ (सामायिक भाग वाटून धरलेला आकडा) धरावा, कारण आरएसएसमध्ये मेमरीची सामायिक पाने (छोटे तुकडे) प्रत्येक प्रक्रियेच्या नावावर पुन्हा पुन्हा मोजली जातात.

अनेक थ्रेड (एकाच प्रक्रियेत समांतर चालणारी कामे) चालवणाऱ्या ॲप्लिकेशनचा आकार दिवसभर फुगत गेला, तर मेमरी गळतीचा संशय घेण्याआधी जीलिबसीच्या (लिनक्सवरील मूलभूत सी लायब्ररीच्या) मॅलॉककडे, म्हणजे प्रोग्रामला मेमरी देणाऱ्या भागाकडे, पाहावे. थ्रेडना एकमेकांसाठी थांबावे लागू नये म्हणून ते मेमरीचे वेगवेगळे ‘एरेना’ (कप्पे) उघडते आणि 64 बिटांच्या प्रणालीवर त्यांची मूळ मर्यादा प्रोसेसरच्या कोअरच्या संख्येच्या आठपट असते. म्हणजे 4 कोअरवर 32. प्रत्येक एरेनात थोडी थोडी मोकळी जागा अडकून राहते. सेवेच्या सिस्टमडी (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) फाइलमध्ये एरेनांची कमाल संख्या ठरवणारे पर्यावरण-चल 2 किंवा 4 करून सेवा पुन्हा सुरू करावी. थ्रेडची झटापट वाढून वेग घटला, तर मॅलॉकऐवजी जेमॅलॉक हा पर्याय वापरून पाहावा.

कर्नेल (लिनक्सचा गाभा) स्वॅपकडे किती झुकेल हे ठरवणाऱ्या ‘स्वॅपिनेस’चे मूळ मूल्य 60 असते, अशा सर्व्हरवर मी ते 10 ठेवतो, मात्र स्वॅप पूर्ण बंद करत नाही. हे मूल्य सिसकटीएलच्या (कर्नेलच्या सेटिंगच्या) फाइलमध्येच लिहावे, नाहीतर वळवाच्या पावसात वीज गेली आणि इन्व्हर्टरनेही मान टाकली की यंत्र पुन्हा सुरू होताना ते 60 वर परतते.

प्रोग्रामना प्रत्यक्षात आहे त्याहून जास्त मेमरी कबूल करायची का हे ठरवणारे ‘ओव्हरकमिट’ मूळच्या 0 वरच राहू द्यावे. एका हंगामात मी ते 2 केले आणि मेमरी मोकळी असतानाही डेटाबेस सुरू होईना. 2 केल्यावर देता येणाऱ्या मेमरीची मर्यादा मूळ प्रमाणानुसार स्वॅप अधिक निम्मी रॅम एवढीच उरते, आणि पुष्कळशी मेमरी आधीच मागून ठेवणारे प्रोग्राम तिथे अडतात. त्याऐवजी ॲप्लिकेशनच्या सेवेला सिस्टमडीतून ‘मेमरीमॅक्स’ (कमाल मर्यादा) आणि त्याहून थोडी खाली ‘मेमरीहाय’ (जिथून सेवेला आवर घातला जातो) अशी मर्यादा घालावी, म्हणजे फुगलेला वर्कर स्वतःच्याच कुंपणात मारला जाईल. डेटाबेसच्या सेवेचा ‘ओओएम स्कोअर ॲडजस्ट’ (मेमरी संपल्यावर कोणती प्रक्रिया मारायची हे ठरवताना धरला जाणारा आकडा) -500 करावा. तरीही यंत्राची मेमरी संपलीच, तर कर्नेल आधी दुसरी प्रक्रिया निवडण्याची शक्यता वाढते.

यांतला एका वेळी एकच बदल करावा आणि गर्दीच्या संध्याकाळी ‘अव्हेलेबल’, ‘एसआय’ व ‘एसओ’ नोंदवून मगच पुढच्याला हात घालावा.