टाकी अर्धी झाली की इंजिन बंद!

३० सीसी पेट्रोल इंजिनाचं रिमोटवरचं पी-५१ मस्टँग (दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान) मॉडेल बांधलं. पंखांवर १९४४ च्या नॉर्मंडी स्वारीचे काळे-पांढरे पट्टेही मारले (त्यातच दोन रविवार गेले). पण टाकी अर्ध्यावर आली की इंजिन फटफट करून बंद. मी आपला कार्ब्युरेटरची हाय नीडल (जोरात चालताना किती इंधन जावं ते ठरवणारा स्क्रू) पिळत बसलो. शेवटी इंधनाच्या नळीत बुडबुडे दिसले, तेव्हा टाकी उघडली. आतली सिलिकॉनची नळी पेट्रोलने फुगून लिबलिबीत झालेली, पितळी नळीवरून निसटून क्लंकसकट (टोकाच्या वजनासकट) तळाशी पडलेली! म्हणजे पेट्रोल पितळी नळीच्या तोंडाखाली गेलं की इंजिन हवाच ओढायचं. ही सिलिकॉनची नळी जुन्या ग्लो इंजिनाच्या (मेथॅनॉलच्या इंधनावर चालणाऱ्या) विमानातली. मेथॅनॉलला चालते, पेट्रोलला नाही. टायगॉनची (पेट्रोलला टिकणाऱ्या प्लास्टिकची) घातली, टोकांना बारीक तारेचे वेढे दिले. आता टाकी तळाला जाईपर्यंत इंजिन एका सुरात चालतं.