गोव्यात एकल मालकीचा धंदा: सोय कुठे, जोखीम कुठे

एकल मालकीच्या, म्हणजे प्रोप्रायटरशिपच्या धंद्याला कंपनीसारखी नोंदणी लागत नाही. मालकाचा पॅन तोच धंद्याचा पॅन. कागद मात्र क्रमाने करा. आधी पंचायतीचा किंवा पालिकेचा व्यापार परवाना. त्यासाठी घरपट्टीची पावती, आणि जागा भाड्याची असल्यास भाडेकरार व जागामालकाचा ना हरकत दाखला तयार ठेवा. मग कामगार खात्याकडे दुकाने व आस्थापने कायद्याखाली नोंदणी. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी आधार-पॅनवर ऑनलाइन फुकट होते, तिच्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. धंद्याच्या नावे करंट अकाउंट उघडताना बँक असे दोन पुरावे मागते. परवान्यावर ‘ट्रेडर्स’ आणि उद्यमवर ‘एंटरप्रायझेस’ असले, तर एवढ्यानेही खाते अडते. पहिल्या कागदावर जे नाव घालाल, तेच अक्षरन् अक्षर पुढे चालवा.

जीएसटी नोंदणी मालविक्रीला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीवर, सेवेला २० लाखांवर. पण बांदा, सावंतवाडी किंवा बेळगाव इथल्या दुकानदाराला माल पाठवलात की ती आंतरराज्य विक्री झाली. मग हस्तकलेच्या काही वस्तू सोडल्या तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी आधी हवी. पेडणे-डिचोलीतल्या लहान उत्पादकांनी हे पहिल्या ऑर्डरआधीच पाहावे.

गोव्यातला मोठा फायदा प्राप्तिकरात आहे. इथल्या नागरी कायद्याखाली येणाऱ्या जोडप्याने लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्ता दोघांची समाईक असते आणि पगार सोडून बाकीचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे मोजले जाते. नफा १८ लाख धरा. नव्या करप्रणालीत एकट्याच्या नावावर सेससह १,६६,४०० रुपये कर बसतो. तोच नफा ९-९ लाखांत विभागला आणि दोघांना दुसरे उत्पन्न नसेल, तर १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे कर शून्य. मात्र विवरणपत्र दोघांनीही भरले पाहिजे आणि त्यातल्या शेड्यूल ५ए या तक्त्यात उत्पन्नाबरोबर टीडीएसची, म्हणजे आधीच कापलेल्या कराचीही वाटणी दाखवली पाहिजे. एकाने भरले, दुसऱ्याने नाही, की आकडे जुळत नाहीत आणि नोटीस येते. परराज्यातून येऊन इथे स्थायिक झालेल्यांनी ही सोय आपल्याला लागू आहे असे गृहीत धरू नये.

त्याच समाईकपणाची दुसरी बाजू कर्जात दिसते. एकल मालकीत धंद्याचे देणे म्हणजे मालकाचे देणे. थकबाकी घर, सोने, बचत यांच्यापर्यंत पोहोचते, आणि संसाराच्या हितासाठी घेतलेले कर्ज असेल तर समाईक मालमत्तेवरही येते. घर तारण ठेवताना पती-पत्नी दोघांच्या सह्या लागतात. सही करणाऱ्याने रक्कम आणि मुदत वाचल्याशिवाय पेन उचलू नये. पर्यटकांना बोटीतून नेणे, गॅसवर मोठे स्वयंपाकघर चालवणे, मोठी उधारी, अशा धंद्यात एकल मालकी आमच्या मते नकोच. तिथे एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा एकव्यक्ती कंपनी करा. हिशेबाचा खर्च वाढेल, पण घर सहसा वाचते; फक्त बँकेला वैयक्तिक हमी दिलीत तर ते संरक्षण त्या कर्जापुरते जाते.

मालक गेला की धंदाही कायद्याने तिथेच थांबतो. परवाने वारसाच्या नावे आपोआप होत नाहीत. जीएसटीची नोंदणी वारसाला नव्याने घ्यावी लागते आणि खरेदीवर भरलेल्या जीएसटीचे शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्मने वळवून घ्यावे लागते. म्हणून करंट अकाउंटला नॉमिनी आजच लावा आणि उधारीची वही, भाडेकरार, परवाने घरातल्या निदान एका माणसाला दाखवून ठेवा.