दृष्टिपटल काम करताना बघा: विज्ञान प्रदर्शनासाठी काही प्रयोग

थर्माकोलचा गोळा रंगवून ‘डोळ्याची रचना’ मांडणारे गट दरवर्षी असतात. त्यापेक्षा येणाऱ्याला स्वतःच्याच डोळ्यातला पडदा काम करताना दिसला, तर तो टेबलापाशी थांबतो. सामान मामुली आहे: काळी, पांढरी आणि करडी कार्डशीट, लाल-निळा घोटीव कागद, टाचणी, मोजपट्टी, कात्री. ठाण्यात गोखले रोडला किंवा वाशीत सेक्टर १७ ला स्टेशनरीच्या कुठल्याही दुकानात हे मिळेल.

एक हिशेब मुलांना आधी सांगून ठेवा. दृष्टिपटल म्हणजे डोळ्यातला हा पडदा. एका डोळ्यात दंडपेशी (अंधुक उजेडात बघणाऱ्या) ९ ते १२ कोटी, शंकूपेशी (भरपूर उजेडात रंग ओळखणाऱ्या) ४५ ते ६० लाख. पण मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत तंतू जेमतेम दहा-बारा लाख. एवढी माहिती एवढ्याशा वाटेने पाठवायची म्हणजे काटछाट आलीच, आणि ती दृष्टिपटलातच सुरू होते. जे आहे तसंच राहिलंय ते गाळायचं. जिथे उजेड बदलला किंवा शेजारच्यापेक्षा वेगळा आहे, ते कळवायचं. खालचे प्रयोग याच एका गोष्टीभोवती फिरतात.

स्वतःच्या रक्तवाहिन्या बघा

सगळ्यात आधी हा करा, कारण परिणाम हमखास मिळतो. कार्डशीटच्या तुकड्याला टाचणीने भोक पाडा, १ मिमीपेक्षा मोठं नको. एक डोळा मिटा. दुसऱ्या डोळ्यापुढे दोन-तीन सेंटिमीटरवर कार्ड धरून भोकातून आकाशाकडे बघा. जुलैतलं भरून आलेलं पांढरट आभाळ याला उत्तम. सूर्याकडे किंवा त्याच्या आसपास चुकूनही नको.

आता कार्ड छोट्या वर्तुळात हलवा: वर्तुळाचा व्यास २-३ मिमी, वेग सेकंदाला दोन-तीन फेरे. उजेडाच्या गोलात बारीक फांद्यांचं जाळं उमटतं आणि अगदी मध्यभागी रिकामी जागा दिसते. कार्ड नुसतं आडवं हलवलं तर उभ्या फांद्या दिसतात, उभं हलवलं तर आडव्या. थांबलात की काही क्षणांत सगळं पुसलं जातं.

कारण असं की रक्तवाहिन्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या पुढे असतात. त्यांची सावली एरवीही पडते, पण कायम त्याच पेशींवर, म्हणून ती गाळली जाते. भोकामुळे सावली रेखीव होते आणि हलवल्यामुळे नव्या पेशींवर सरकते. मधल्या रिकाम्या जागेत रक्तवाहिन्याच नसतात. सर्वांत बारकाईने दिसतं ते तिथेच.

काहीच दिसत नसेल तर बहुतेक वेळा भोक मोठं झालेलं असतं किंवा हात फार लांबपर्यंत हलत असतो.

शेजाऱ्याचा परिणाम

पांढऱ्या आणि काळ्या कार्डशीटचे १५ सेंमीचे चौरस शेजारी-शेजारी चिकटवा. एकाच करड्या शीटमधून ३ सेंमीचे दोन तुकडे कापून प्रत्येकाच्या मध्यभागी एकेक लावा. काळ्यावरचा उजळ वाटेल, पांढऱ्यावरचा गडद. मग दोन भोकं पाडलेलं मोठं कार्ड वरून ठेवा, फक्त करडे तुकडेच दिसतील असं. फरक जातो. इथे घोटीव कागद वापरू नका, ट्यूबलाइटची चमक सगळा खेळ बिघडवते.

अंधारात शंकू आणि दंडपेशी ग्लुटामेट हे पुढच्या पेशींना संदेश देणारं रसायन सोडत असतात, प्रकाश पडला की ते कमी होतं. क्षैतिज पेशी, म्हणजे शेजारच्या पेशींना आडव्या जोडणाऱ्या पेशी, आजूबाजूचा अंदाज घेऊन हा संदेश दाबतात, म्हणून शेजार बदलला की तोच करडा वेगळा भासतो. संदेश पुढे नेणाऱ्या द्विध्रुवी पेशींपैकी काही उजेड वाढल्यावर जाग्या होतात, तर काही तो कमी झाल्यावर.

तक्त्यावर ‘हे सगळं दृष्टिपटलामुळे’ असं मात्र लिहू नका. मेंदूचाही यात वाटा आहे. पडताळायचं असेल तर १८७० पासून माहीत असलेली हर्मानची जाळी काढा: काळे २ सेंमीचे चौरस, पाच बाय पाच, मध्ये ५ मिमीच्या पांढऱ्या गल्ल्या. चौकांत करडे ठिपके भासतात. गल्ल्यांच्या कडा थोड्या नागमोडी काढल्या की ठिपके जातात, आणि शेजारच्या पेशींच्या दाबण्याने एवढं स्पष्ट होत नाही. चौकस परीक्षक नेमकं हेच विचारेल.

रंग

लाल घोटीव कागदाचा ४ सेंमीचा चौकोन पांढऱ्यावर चिकटवा, मध्ये पेनाने ठिपका द्या. ४० सेंमीवरून ३० सेकंद नजर ठिपक्यावर ठेवा, मग कोऱ्या कागदाकडे बघा: निळसर हिरवा चौकोन तरंगतो. लांब तरंगलांबीचा प्रकाश टिपणाऱ्या शंकूपेशी (त्यांना साधारण ५६० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सर्वांत जास्त जाणवतो) थकतात आणि लाल-हिरव्याची तुलना करणाऱ्या पुढच्या पेशींचं पारडं दुसरीकडे झुकतं. नजर भटकली तर प्रतिमा फिकी येते. लहान मुलांचं हमखास असंच होतं.

अंधार

यातच खरी अडचण आहे. घोडबंदर किंवा पाम बीच रोडलगतच्या फ्लॅटमध्ये पडदे ओढूनही अंधार होत नाही. बाथरूम वापरा: खिडकीच्या काचपट्ट्यांवर वर्तमानपत्र, दाराखाली टॉवेल, गीझरचा लाल दिवा बंद, मोबाइल बाहेर. शंकूपेशी आठ-दहा मिनिटांत जुळवून घेतात. दंडपेशींना अर्धा तास किंवा थोडं जास्त लागतं, कारण उजेडाने विघटित झालेलं ऱ्होडॉप्सिन (दंडपेशींतलं प्रकाश टिपणारं रंगद्रव्य) पुन्हा तयार व्हावं लागतं आणि त्यासाठी अ जीवनसत्त्व हवं. वीस-पंचवीस मिनिटांनी दार केसभर उघडून लाल आणि निळा कागद बघा, तेही थेट न बघता जरा बाजूला नजर ठेवून, कारण नजरेच्या केंद्रात दंडपेशी नसतात. रंग ओळखू येत नाहीत. लाल काळाठिक्कर, निळा फिकट राखाडी. दंडपेशींना ५०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सर्वांत जास्त जाणवतो, लाल जवळपास नाहीच. कोणी टॉर्च लावला तर घड्याळ पुन्हा शून्यावर.

शाळेच्या वर्गात हे शक्य नसतं. तिथे एका डोळ्यावर काळ्या कापडाची जाड घडी बांधून पाहुण्याला वीस मिनिटं बाकीची टेबलं बघायला पाठवा. परत आल्यावर काळ्या कापडाच्या तंबूत एकेक डोळा मिटून तुलना करायला सांगा: झाकलेल्या डोळ्याला निळा कागद दिसतो, उघड्या डोळ्याला काहीच नाही. एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो, तेव्हा पट्टी बांधलेल्यांना जिन्याकडे जाऊ देऊ नका.