स्थायू, द्रव, वायू: प्रयोगात आणि पेपरात या चुका टाळा

बर्फ तापवत ठेवायचा, दर मिनिटाला तापमान लिहायचे आणि आलेख काढायचा. प्रयोग सोपा, पण आलेख हमखास चुकतो. 0 अंश सेल्सिअसला रेषा आडवी हवी. उष्णता देतोय आणि पारा ढिम्म हलत नाही हे पटत नाही, म्हणून मुले तिला हळूच तिरकी करतात. करू नका. पारा थांबला म्हणजे प्रयोग फसला नाही, उलट जमला. त्या वेळी मिळणारी उष्णता कणांमधली पकड सैल करण्यात खर्च होते. कणांची गतिज ऊर्जा तेवढीच राहते आणि तापमान ठरते ते तिच्यावर. पुस्तकातला अप्रकट उष्मा तो हाच.

0 अंशाचा 1 ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे 80 कॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत 1 ग्रॅम पाणी 0 वरून 80 अंशांपर्यंत तापले असते! 100 अंशांच्या पाण्याची वाफ करायची तर ग्रॅममागे सुमारे 540 कॅलरी. म्हणजे आलेखातला दुसरा आडवा भाग पहिल्याच्या जवळजवळ सातपट लांब हवा. वहीत दोन्ही सारखे दिसले, की आलेख पुस्तकातून उतरवलाय हे शिक्षक लगेच ओळखतात.

वितळत्या बर्फात तापमापी 3-4 अंश दाखवत असेल, तर आधी ढवळा. पाण्याची घनता 4 अंशांना सर्वाधिक असते, त्यामुळे किंचित कोमट झालेले पाणी तळाशी बसते आणि तापमापीचा फुगा नेमका तिथेच असतो. तो चंचुपात्राच्या तळाला टेकलेला असेल तर आकडा आणखी वर जातो. बर्फ बारीक करून घेतला तर बरे. पाणी 97-98 अंशांनाच उकळले, तरी घाबरू नका. 100 हा आकडा समुद्रसपाटीच्या आसपासच्या वातावरणदाबासाठी आहे. उंचीवर दाब घटतो आणि साधारण दर 300 मीटरला उत्कलनांक एक अंशाने उतरतो. मिळाला तोच आकडा लिहा आणि कारण द्या. ओढूनताणून आणलेल्या 100 पेक्षा त्याला मी जास्त गुण देईन.

उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत काय असते? ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजन’ हे उत्तर आश्चर्य वाटेल इतक्यांदा येते. पाण्याचा रेणू इथे फुटत नाही. सुरुवातीचे बारीक बुडबुडे विरघळलेल्या हवेचे, नंतरचे मोठे पाण्याच्या वाफेचे. आणि वर जो पांढरा लोट दिसतो ती वाफ नव्हे. पाण्याची वाफ दिसतच नाही. लोट म्हणजे थंड होऊन पुन्हा द्रव झालेले बारीक थेंब, म्हणजे संघनन.

बाष्पीभवन आणि उत्कलन एकच समजू नका. पहिले कोणत्याही तापमानाला, फक्त पृष्ठभागावरून होते. दुसरे ठरावीक तापमानाला आणि सगळ्या द्रवभर. मीठ पाण्यात ‘वितळले’ असेही लिहू नका. मीठ वितळायला सुमारे 801 अंश लागतात, पाण्यात ते विरघळते.

‘उष्णतेने कण फुगतात’ हे वाक्य दिसले की लाल पेन चालतेच. कण तेवढेच राहतात, त्यांच्यातले अंतर वाढते. आकृतीत वायूचे कण मोठे आणि स्थायूचे छोटे काढणे हीच चूक. द्रवाचे कण फार विरळ काढणे ही तिची धाकटी बहीण: द्रवातही कण जवळजवळ चिकटूनच असतात. स्थायूचे कण ‘स्थिर’ही लिहू नयेत, ते जागच्या जागी कंप पावतात.

शेवटचा गैरसमज संप्लवनाचा, म्हणजे स्थायूचा थेट वायू होण्याचा: अशा पदार्थाला द्रव अवस्थाच नसते, असे बरेच जण धरून चालतात. आयोडीन साधारण 114 अंशांना व्यवस्थित वितळते. मंद तापवताना त्याआधीच त्याची जांभळी वाफ डोळ्यांत भरते, एवढेच. घन कार्बन डायऑक्साइड नेहमीच्या दाबाला थेट वायू होतो, पण दाब सुमारे 5 पटींहून जास्त केला की त्याचाही द्रव मिळतो.