शाखा वाढताना नेटवर्कच्या आखणीत या चुका टाळा

पुण्यात मुख्य कार्यालय, चाकणला कारखाना, भिवंडीला गोदाम आणि आता नागपूरला नवी शाखा. अशा वेळी पहिला प्रश्न येतो तो ‘राउटर कुठल्या कंपनीचा घ्यायचा?’ खरं तर तो प्रश्न शेवटचा. आधी आयपी पत्त्यांची (नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राच्या क्रमांकाची) आखणी, मग कुठून कुठे किती डेटा जाणार याचा हिशेब, आणि त्यानंतर राउटर.

सगळीकडे १९२.१६८.१

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. राउटर खोक्यातून काढला तसा लावला, की बहुतेक वेळा १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ हीच मालिका चालू होते. शाखा एकमेकींना जोडलेल्या नसतात तोवर काही बिघडत नाही. पुणे आणि भिवंडी व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी जोडणीने) जोडायला गेलं की माशी शिंकते. भिवंडीच्या कॉम्प्युटरला पुण्याच्या सर्व्हरचा १९२.१६८.१.५० हा पत्ता दिला, तर त्याच्या लेखी तो सर्व्हर शेजारच्याच टेबलावर असतो. तो स्थानिक नेटवर्कमध्येच शोधत बसतो, पॅकेट (डेटाचा तुकडा) राउटरकडे जातच नाही. टनेल (व्हीपीएनची जोडणी) मात्र ‘अप’ म्हणजे चालू दिसतो, म्हणून सगळा संशय नको तिथे जातो.

पहिल्याच दिवशी १० ने सुरू होणारी मालिका घ्या आणि दुसरा आकडा शाखेचा, तिसरा विभागाचा ठरवा: पुणे १०.१०, चाकण १०.२०, भिवंडी १०.३०, नागपूर १०.४०. तिसऱ्या जागी १० म्हणजे कॉम्प्युटर, २० फोन, ३० कॅमेरे, ४० पाहुण्यांचा वायफाय. मग १०.३०.३०.१२ हा पत्ता वाचला की भिवंडीचा कॅमेरा हे लगेच कळतं, आणि अख्ख्या शाखेसाठी एकच रूट (राउटरमधली वाटेची नोंद) पुरतो.

पत्ते आधीच गुंतलेले असतील तर बदल साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करा. त्याआधी डीएचसीपीची (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेची) लीज, म्हणजे पत्त्याची मुदत, एक तासावर आणा. जुनी लीज ८ दिवसांची असेल तर हे किमान ८ दिवस आधी. प्रिंटर, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) यांचे पत्ते बहुधा हाताने टाकलेले असतात, त्यांची यादी आधी करा. सोमवारी सकाळी तक्रार येते ती याच तिघांची.

माहितीपत्रकावरचा मोठा आकडा

‘१ गिगाबिट’ हा आकडा बहुधा साध्या रूटिंगचा आणि मोठ्या पॅकेटचा असतो. आयपीसेक एन्क्रिप्शन (व्हीपीएनमधला डेटा कुलूपबंद करणं) चालू झालं की तोच राउटर त्याच्या काही अंशावर येऊ शकतो. माहितीपत्रकात मिश्र आकाराच्या पॅकेटवरचा आयपीसेकचा वेग शोधा, आणि तो दोन्ही दिशांची बेरीज तर नाही ना, हे विक्रेत्याला लेखी विचारा.

मुख्य कार्यालयाच्या राउटरवर सगळ्या शाखांची बेरीज पडते. सहा शाखा, प्रत्येकी ५० एमबीपीएस म्हणजे ३००. भिवंडीचा डेटा पुण्यामार्गे नागपूरला जात असेल, तर पुण्यात तो एकदा उलगडून पुन्हा एन्क्रिप्ट होतो, म्हणजे काम दुप्पट. आम्ही अशा ठिकाणी ६०० च्या खाली जाणार नाही.

प्रत्येक शाखा प्रत्येकीशी थेट जोडायचा मोहही आवरा. १२ ठिकाणांना त्यासाठी ६६ टनेल लागतात. मुख्य कार्यालय मध्ये ठेवलं तर ११.

पिंग जातो, फाइल अडकते

लॉगिन होतं, छोटी पानं उघडतात, पण मोठं बिल सेव्ह करताना स्क्रीन गोठते. दोष बहुधा एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा. इथरनेटवर १५०० बाइटचं पॅकेट जातं, पीपीपीओई (ब्रॉडबँडच्या लॉगिनची पद्धत) त्यातले ८ खातं, आयपीसेक आणखी काही खातं. ‘पॅकेट मोठं आहे’ असं कळवणारा आयसीएमपी संदेश वाटेतल्या फायरवॉलने अडवला, तर पाठवणाऱ्याला पत्ताच लागत नाही.

विंडोजच्या पिंगला ‘तुकडे करू नको’ हा पर्याय देऊन पलीकडच्या शाखेला १४७२ बाइट पाठवा. जात नसेल तर दहादहाने कमी करा. समजा १३७२ ला गेलं: त्यात हेडरचे २८ मिळवले की १४०० हा एमटीयू, त्यातून ४० वजा केले की १३६० हा एमएसएस (पॅकेटमधल्या प्रत्यक्ष डेटाची मर्यादा). तो दोन्ही टोकांच्या टनेलवर टाका.

लॉग

सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग, म्हणजे यंत्रांच्या कामाच्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. बऱ्याच राउटरमध्ये रीस्टार्ट झाल्यावर ते पुसले जातात. म्हणून ते वेगळ्या सिसलॉग (नोंदी साठवणाऱ्या) सर्व्हरवर पाठवा आणि सगळ्या शाखांची घड्याळं एनटीपीने जुळवा.

दोन लाइन, एकच खांब

दोन वेगळ्या कंपन्यांची फायबर घेतली, पण दोन्ही एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून आल्या, तर एका जेसीबीने दोन्ही जातात. दुसरी लाइन रेडिओची किंवा ४जी-५जीची घ्या. मोबाइल लाइनवर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता मिळाला तर तो सामायिक आहे, बाहेरून तिथे पोचता येत नाही. टनेल शाखेनेच सुरू करायचा, मुख्य कार्यालयात स्टॅटिक (न बदलणारा) आयपी हवा आणि यूडीपी ५०० व ४५०० हे पोर्ट उघडे हवेत.

फायबर तुटली तरी ओएनटीचा (फायबर जिथे येते त्या डब्याचा) इथरनेट दिवा पेटलेलाच राहतो. म्हणून राउटरला पोर्ट पाहायला सांगू नका. दर ५ सेकंदांनी ८.८.८.८ आणि १.१.१.१ हे इंटरनेटवरचे सार्वजनिक पत्ते तपासायला सांगा. दोन्हींकडून तीनदा उत्तर आलं नाही की लाइन बदला. ही तपासणी मुख्य लाइनलाच बांधून ठेवा, नाहीतर ती दुसऱ्या लाइनने यशस्वी होते आणि राउटर सारखा उड्या मारतो. मुख्य लाइन परतल्यावर ५ मिनिटं सलग टिकली तरच तिच्यावर जा. चाचणी घेताना राउटरची केबल उपसू नका, ओएनटीतली फायबरची पॅचकॉर्ड काढा.