सिस्टर, देश ठरवण्याआधी एवढं वाचा

मिरजेत जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, केली, पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात सात वर्षं आयसीयूत काढली आणि आता चौथं वर्ष जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या एका गावात वॉर्डवर आहे. परदेशात नर्सिंग करायला निघालेल्या ओळखीच्या मुली फोन करतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "ताई, पगार किती मिळतो?" मी विचारते, किती वर्षांसाठी निघालीस? त्याचं उत्तर पक्कं असेल तर अर्धे पर्याय आपोआप गळतात.

माझ्यापुढे तीन वाटा होत्या. घराचं कर्ज फेडायचंय, धाकट्याचं शिक्षण करायचंय, चार-पाच वर्षांत पैसा उभा करून परत यायचंय, असं असेल तर आखाताची वाट आजही सरळ आहे. दुबई असो की सौदी, पगारावर आयकर नाही. कामाला इंग्रजी चालतं. परवान्यासाठीची प्रोमेट्रिकची परीक्षा आणि डेटाफ्लोची कागदपडताळणी नीट पार पडली की निघता येतं. पण नोकरी आहे तोवरच व्हिसा, हे विसरू नका.

ब्रिटनचं मला फार आकर्षण होतं. तिथे नोंदणी एनएमसीकडे, म्हणजे तिथल्या नर्सिंग कौन्सिलकडे. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत वाचन, ऐकणं, बोलणं या तिन्हींत 7 आणि लेखनात 6.5 लागतात, मग सीबीटी ही संगणकावरची परीक्षा आणि तिकडे गेल्यावर ऑस्की ही दहा स्टेशनांची प्रात्यक्षिक परीक्षा. इंग्रजी पक्कं असलेल्या मुलीला हा रस्ता जवळचा. पाच वर्षांनी कायमचं राहता येईल या हिशोबानं अनेकजणी गेल्या, पण ती मुदत वाढवण्याचा विचार तिथल्या सरकारनं मे 2025 मध्ये जाहीर केला. म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी नियम काय आहे ते स्वतः सरकारी संकेतस्थळावर वाचा, मैत्रिणीच्या वेळचा नियम धरून चालू नका.

मी जर्मनी निवडली, कारण मला परत येण्याची घाई नव्हती. इथे मात्र दोन गोष्टी आधी कोणी नीट सांगितल्या नव्हत्या.

पहिली, तुमची पदवी इथे लगेच चालत नाही. राज्याचं कार्यालय आपला अभ्यासक्रम तपासतं आणि कुठे किती कमी पडतं याचं पत्र देतं. मग एकतर काही महिन्यांचं जुळवून घेण्याचं प्रशिक्षण, नाहीतर परीक्षा. ती प्रत्यक्ष रुग्णापाशीही होते आणि तोंडीही. तोवर तुम्ही नर्स नाही, मदतनीस. मी अकरा महिने मदतनीस होते. जुलै 2025 मध्ये वृद्धांच्या काळजीगृहांत मदतनिसाचं किमान वेतन तासाला 16.10 युरो आणि पूर्ण मान्यता असलेल्या नर्सचं 20.50 युरो झालं. एजंट तुम्हाला दुसरा आकडा दाखवतो, पहिलं वर्ष काढायचं असतं पहिल्यावर. त्यातून कर, आरोग्यविमा आणि पेन्शन कापून साधारण दोन-तृतीयांश हातात येतात, मग घरभाडं. पहिल्या वर्षी गावी पैसे पाठवण्याचं वचन कुणाला देऊ नका.

दुसरी गोष्ट कामाची. आपल्याकडे स्पंजिंग, बेडपॅन, भरवणं हे बरंचसं मावशी आणि नातेवाईक करतात. इथे ते नर्सचं काम आहे, मान्यता मिळाल्यावरसुद्धा. उलट सलाईनसाठी शीर शोधणं, जे मी डोळे मिटून करायचे, ते इथे बहुतेक डॉक्टर करतात. व्हेंटिलेटर सांभाळलेल्या हातांना हे पहिल्यांदा लागतं. मला लागलं, मी रडलेही. दोन-तीन महिन्यांनी लक्षात आलं की अंग पुसताना पाठीवरची लाली दिसते, जखम व्हायच्या आत दिसते, आणि पुण्यात हीच लाली मला कितीतरी उशिरा कळायची. तरीही ज्यांना प्रोसिजर करण्यातच जीव आहे त्यांनी हा मुद्दा पगाराआधी तोलावा.

आणि भाषा. जर्मनची बी2 पातळी लागतेच. नोकरी सोडून पूर्णवेळ शिकलात तर दहा-बारा महिने धरा. गटे इन्स्टिट्यूटच्या जर्मन परीक्षेत वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे चार भाग, प्रत्येकात 60 गुण हवेत, आणि एकच भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. माझं ऐकणं राहिलं होतं. वर्गात शिकवलं होतं, 'मुस' (म्हणजे 'करायलाच हवं') आलं की मुख्य क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. वॉर्डवर तिसऱ्याच दिवशी एक आजी म्हणाल्या, "इश मुस माल." मी पलंगाशी वाकून क्रियापदाची वाट बघत उभी राहिले. वाक्य तिथेच संपलं होतं. त्याचा अर्थ, मला लघवीला जायचंय. चादर बदलताना आजींनी माझी नजर टाळली, ते मला आजही आठवतं. त्या दिवसापासून मी वही खिशात ठेवली आणि रुग्ण बोलतात ते जसंच्या तसं लिहायला लागले. इथली श्वाबी बोली पुस्तकात नसते, ती या वहीतच शिकता येते.

एजंटबद्दल कळकळीनं सांगते. माझ्याकडे एकानं साडेतीन लाख मागितले होते, तेही करारपत्र दाखवण्याआधी. आपल्या कायद्यानं परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं, आणि त्याची नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. जर्मनीत तर चांगली रुग्णालयं भरतीचा खर्च स्वतः उचलतात. करारात मधेच सोडल्यास किती परतफेड, किती महिन्यांपर्यंत, हे कलम भाषा येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. मान्यता मिळेपर्यंत पद कोणतं आणि पगार किती, हेही लेखी मागा.

मान्यता मिळून नर्स म्हणून तीन वर्षं झाली, तेवढे महिने पेन्शन भरलं आणि भाषा असली की कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. मदतनिसाचे महिने त्या तीन वर्षांत धरत नाहीत, म्हणून परीक्षा पुढे ढकलू नका.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मात्र कुठेही गेलात तरी नूतनीकरण करत राहा. माझ्याबरोबर आलेली एकजण आईच्या आजारपणामुळे दीड वर्षात परतली, आणि नोंदणी चालू होती म्हणून पुढच्याच महिन्यात सांगलीत ड्यूटीवर उभी राहिली.